वजन बरोबर, पकड नाही

१

बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांसमोर जे चिकटायला हवं होतं ते चिकटलं नाही. गुन्हा म्हणाल तर एवढाच. कोणाचा खून झाला नाही, कपाट फुटलं नाही, आरडाओरडाही झाला नाही. पडद्यावरची रेघ वर चढायची होती, ती आडवी पडून राहिली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली सगळी माणसं तिच्याकडे बघत उभी राहिली.

पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. मग परीक्षकांपैकी एकानं चष्मा पुसला आणि विचारलं, "मग आधीचे निकाल आले कुठून?"

प्रश्न जिला होता ती संशोधक प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. 

मी या संस्थेचा प्रशासन अधिकारी. शिक्षण वाणिज्य शाखेचं. इथल्या लोकांना खोल्या, खुर्च्या, रजा आणि नोटिसा देणं हे माझं काम. शास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही आणि मी ते लपवतही नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांशी माझं बरं जमतं. दुपारी संचालकांनी बोलावलं. शुक्रवारी समिती बसणार होती. निकाल बनावट ठरले तर धाकटीची नोंदणी रद्द, इतक्या वर्षांचं काम मातीत, आणि दुसरी कुठलीही संस्था तिला दारात उभं करणार नाही.

"पत्राचा मसुदा तयार ठेवा," संचालक म्हणाले. मग जरा घुटमळले. "तुमच्या सासूबाई हल्ली काय करतात?"

"माझ्या चुका काढतात."

माझ्या सासूबाईंनी उभी हयात पेप्टाइडं बनवण्यात घालवली. संचालक त्यांचे विद्यार्थी. अजूनही त्यांचं नाव निघालं की खुर्चीत ताठ बसतात. निवृत्त होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरही तारीख असते.

"त्यांना एकदा बघू द्या," संचालक म्हणाले. "मुलगी खोटं बोलणारी वाटत नाही हो. पण वाटून काय होतं?"

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुपीतल्या पेप्टाइडचं वजन तपासलं का?"

"तपासलं म्हणे, मास स्पेक नावाच्या यंत्रावर. अगदी बरोबर आलं. म्हणून तर परीक्षक म्हणतात, निकालच खोटे होते."

"माल सडला असता, तुटला असता, तर वजन बदललं असतं. ते बदललं नाही." त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "यात पाणी मुरतंय, जावईबापू. उद्या मला घेऊन चला."

२

धाकटीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता. प्रयोगशाळेत तिला कशालाही हात लावायची बंदी होती, म्हणून ती दाराजवळच्या स्टुलावर बसून होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ते मला बघवलं नाही.

"एका जंतूच्या विषात एक छोटा तुकडा असतो, मॅडम," तिनं सासूबाईंना सांगितलं. "त्याला घट्ट धरून ठेवेल असं पेप्टाइड आम्हाला हवं होतं. सरांनी पूर्वी एक केलं होतं, त्याची पकड ढिली होती. मी त्यात नवं काहीच घातलं नाही. एक ल्यूसिन होतं, ते फक्त एक घर पुढे सरकवलं. पुढचं अमिनो आम्ल त्याच्या जागी आलं, एवढंच. आणि पकड बसली."

"किती वेळा बसली?"

"दर वेळी. म्हणून तर मला पण आश्चर्य वाटत होतं."

माझा चेहरा बघून सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ सरळ राहत नाही, पिळासारखी गुंडाळते. त्यामुळे कुठला मणी कुठल्या बाजूला तोंड करून बसणार, हे त्याच्या जागेवर ठरतं. ल्यूसिन हा तेलकट मणी. तो समोरच्या माळेच्या तेलकट बाजूला भिडला तर दोघी घट्ट बिलगतात. एक घर चुकला, तर बाहेर पाण्याकडे तोंड करून बसतो आणि मग पकड नाही."

"पण मणी तर तेच."

"किल्लीचे दाते तेच ठेवा आणि त्यांच्या जागा बदला. किल्लीचं वजन गुंजभरही बदलणार नाही. कुलूप उघडेल का?"

हे मात्र मला कळलं.

सासूबाईंनी कुपी मागवली. बोटभर उंचीची काचेची कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. झाकणावर धाकटीच्या अक्षरात नाव होतं, शाई अर्धी पुसलेली. त्यांनी झाकण फिरवलं. ते फिरतच राहिलं, घट्ट बसेना.

"झाकण तुझंच?"

"माझंच. पण आधी असं नव्हतं. उघडताना जोर लावायला लागायचा."

सासूबाईंनी कुपी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि तोंडाच्या आट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "झाकण तुझं आहे, बाळ. खालची काच तुझी नाही."

३

काच बदलली म्हणून धाकटी सुटली असं झालं नाही. तिचे मार्गदर्शक, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, हे ऐकून फक्त खांदे उडवून मोकळे झाले.

"काच तिनंच बदलली असेल. परीक्षक येणार म्हटल्यावर घाबरली असेल." सरांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. "एक मणी सरकवून एवढी पकड? मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. आम्ही हे सगळं हातानं केलं आहे, मॅडम. काचेच्या नळीत, शेपटीकडून एकेक मणी जोडत. झोपेतसुद्धा हात चुकणार नाहीत. या मुलांना बटण दाबायचं माहीत."

"कुपीत दुसरंच काही असेल, असं वाटतं?"

"काहीही असेल! भलतीच कुपी उचलली असेल, माल खराब असेल. गोंधळी कारभार आहे सगळा."

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या तरुणाला सगळे टापटीप म्हणत. त्याच्या टेबलावर पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर होतं. धाकटी गेली तर पुढच्या वर्षीची जागा त्याचीच, हे मला माझ्या खुर्चीवरून माहीत होतं. त्यालाही ते माहीत असावं, कारण तो गरजेपेक्षा जास्त हळहळत होता.

"फ्रीज मध्यंतरी बंद पडला होता, मॅडम. त्यात माल गेला असेल. किंवा कोणीतरी अदलाबदल केली असेल. मी नाही हं. मी दुसऱ्याच्या वस्तूंना हातच लावत नाही."

पेप्टाइड तयार करणारी यंत्रं ज्यांच्या ताब्यात होती त्या मशीनबाई. त्यांना जरा चढ्या आवाजातच बोलायची सवय, यंत्रांच्या खोलीत आयुष्य गेलेलं.

"नव्या मशीनवर नाव घातल्याशिवाय काम सुरूच होत नाही. तिथं ही माळ एकदाच झाली आहे, हिच्याच नावानं. मी बघितलं."

"आणि जुनं?"

"जुनं वर तिसऱ्या मजल्यावर अडगळीत आहे. चालतं अजून. पण कोण वापरतंय! त्यात अमिनो आम्लांच्या डब्या हातानं ओळीत लावायच्या. जी पहिली लावाल ती पहिली जोडली जाणार. आणि माळ गुंफली जाते शेपटीकडून, म्हणजे ओळ उलटी लावावी लागते. नवं मशीन शहाणं आहे. कागदावर जशी माळ लिहितो तशी डोक्याकडून टाका, उलटंसुलटं ते स्वतः बघतं." त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. "म्हणूनच मी या प्रयोगशाळेत कोणालाही नव्या मशीनला आधी हात लावू देत नाही. धाकटी असो, तो टापटीप असो, जुन्यावर घासून घेतलंय मी सगळ्यांना. रडले तरी."

"आणि या कुपीचे आटे?"

"हे नव्या खेपेतले दिसतात. नव्या कुप्या आल्यात सगळ्या इमारतीत. जुनं झाकण त्यांना बसत नाही."

त्याच दुपारी धाकटीचा नवरा माझ्या केबिनमध्ये आला. तोही रसायनशास्त्रज्ञ, तिसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या गटात. आधी औषधांच्या कारखान्यात नव्या यंत्रांवर पेप्टाइडं करायचा, लग्नानंतर बायकोसाठी कमी पगारावर इथं आला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या.

"साहेब, नोंदणी रद्द करू नका. कडक ताकीद द्या, वर्षभर थांबवा, काय वाटेल ते करा. तिच्यावर ताण होता फार. सरांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. असल्या ताणात माणूस एखादा आकडा सुधारून घेतो. ती वाईट नाही हो."

"कुपी कोणी बदलली असेल का?" सासूबाईंनी विचारलं.

"छे. कुपीत काही खोट नाही, मॅडम. माल अगदी तोच आहे. त्या बाजूनं प्रयत्न करून वेळ घालवू नका, दुसरं काहीतरी बघा. मी तिला समजावतो माफी मागायला."

त्याचे डोळे भरून आले होते. एवढी माया करणारा माणूस मी तरी आमच्या इमारतीत दुसरा बघितलेला नाही, असं मी तो गेल्यावर सासूबाईंना म्हणालो.  तेवढ्यात खालून मशीनबाईंचा फोन आला. कुपीतली चिमूटभर भुकटी सासूबाईंनी सकाळीच त्यांच्याकडे तपासायला दिली होती.

"तुकडे जुळत नाहीत," मशीनबाई फोनवर ओरडल्या. मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू आलं.

४

"ट्रिप्सिन ही आमची कात्री," घरी जाताना गाडीत सासूबाईंनी सांगितलं. "ती माळ वाटेल तिथं कापत नाही. ठराविक दोनच मण्यांपाशी कापते. त्यामुळे अख्ख्या माळेचं वजन तेच असलं, तरी मणी वेगळ्या जागी असतील तर तुकड्यांची वजनं वेगळी येतात. धाकटीच्या माळेचे जे तुकडे पडायला हवेत, ते पडले नाहीत."

"म्हणजे कोणीतरी मण्यांच्या जागा बदलून खोटी माळ केली. तिला अडकवायला."

"मलाही आधी असंच वाटलं. पण एक सांगा. तुम्हाला तिची माळ बिघडवायची असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"ते ल्यूसिन परत मागं सरकवलं असतं."

"शाबास. एक मणी हलवला की काम झालं. सरांना, टापटीपला, कोणालाही हे सुचेल." त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. माझा जीव टांगणीला लागला होता. "पण कुपीतल्या माळेचे तुकडे मी दुसऱ्या एका माळेशी ताडून बघितले. बरोब्बर जुळले. सगळेच्या सगळे."

"कुठल्या?"

"धाकटीच्याच. शेपटी ते डोकं, पूर्ण उलटी."

मी गाडी कडेला घेतली.

"मी चुकीचा प्रश्न विचारत बसले होते, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तिचं वाईट कोणाला करायचं होतं, हे शोधत होते. कोणालाच करायचं नव्हतं. उद्या समितीच्या आधी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलवा. नवऱ्यालाही."

५

सरांच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या. धाकटी आणि तिचा नवरा भिंतीला टेकून उभे राहिले. सर, टापटीप आणि मशीनबाई बसले. संचालक माझ्या शेजारी.

"पूर्ण उलटी माळ कोणी मुद्दाम करत नाही," सासूबाईंनी सुरुवात केली. "ती एकाच तऱ्हेनं होते. जुन्या मशीनवर माणूस डब्या लावायला बसतो आणि कागदावर जसं लिहिलंय त्या क्रमानं, डोक्याकडून, लावत जातो. म्हणजे करणाऱ्याला खोटी माळ करायची नव्हती. त्याला धाकटीचीच माळ करायची होती, अगदी हुबेहूब. चोरून करायची होती म्हणून नवं मशीन चालणार नव्हतं, तिथं नाव राहतं. झाल्यावर त्यानं वजन केलं, ते बरोबर आलं, आणि तो निर्धास्त झाला."

"हुबेहूब नक्कल कशाला?" सरांनी विचारलं.

"अस्सल माल हातातून गेला म्हणून. झाकण तेच, काच नवी. कुपी फुटली असणार."

सासूबाई सरांकडे वळल्या.

"ही चूक कोणाच्या हातून होईल? तुमच्या नाही, सर. तुम्ही शेपटीकडून जोडत मोठे झालात. बाईंच्याही नाही. धाकटी आणि हा मुलगा, दोघांनाही बाईंनी जुन्यावरच तयार केलं. चुकेल तो माणूस असा हवा, की ज्याला माळा करता येतात, पण ज्यानं आयुष्यभर नवीच यंत्रं वापरली. शेपटीकडून सुरुवात करायची हे त्याला पुस्तकातून माहीत असतं, पण घाईत हात सवयीनं चालतात."

टापटीपनं सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला.

"आणखी एक. सर तिच्यावर चिडलेत, पण कुपीतल्या मालाची खात्री त्यांनाही नव्हती. या मुलालाही नव्हती. ज्यानं त्यानं मला सांगितलं, माल सडला असेल, बदलला असेल. एकच माणूस छातीठोकपणे म्हणाला की माल अगदी तोच आहे. एवढी खात्री कोणाला असणार? ज्यानं तो स्वतः भरला, त्यालाच."

धाकटीनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. आमच्यापैकी कोणी अजून त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"माझी पेटी काढायला गेलो होतो," तो म्हणाला.  "इथल्या फ्रीजमधून. वरच्यात जागा नसते. हिची कुपी खाली पडली. सगळं फरशीवर सांडलं. परीक्षक यायचे होते, ही आधीच झोपत नव्हती. म्हटलं, तशीच करून ठेवू, हिला कळायचंसुद्धा नाही."

"आणि चिकटली नाही तेव्हा?" संचालकांनी जरा जोरातच विचारलं. "तेव्हा का नाही बोललात?"

 उत्तर सासूबाईंनी दिलं, आणि आवाज मुद्दाम कोरडा ठेवला, हे मला कळलं.

"कारण तेव्हा त्याची खात्री पटली. अख्ख्या इमारतीत याच्या एकट्याच्या हातात पुरावा होता. यानं स्वतःच्या हातानं तिची माळ केली होती, वजन बरोबर होतं, आणि ती चिकटली नाही. म्हणजे ती कधीच चिकटत नव्हती. म्हणजे बायको खोटी. कुपी फुटल्याचं सांगून काय फरक पडणार होता? उलट नव्यानं केलेलीही चिकटत नाही हे उघड झालं असतं. तिच्याकडे असलेला शेवटचा संशयाचा फायदा टिकावा, म्हणून हा मूग गिळून बसला आणि दया मागत फिरला."

"मी तिला वाचवायलाच बघत होतो," तो म्हणाला.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "ते मला दिसलं."

धाकटी भिंतीपासून बाजूला झाली. मग तिनं नवऱ्याला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "फुटली म्हणून सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"रडली असतीस."

"रडले असते. भांडले असते. मग पुन्हा केली असती." ती थांबली. "रोज रात्री मला विचारत होतास, जेवलीस का. एकदा तरी विचारायचंस, खरंच चिकटत होतं का."

६

समितीची बैठक लांबणीवर पडली. मशीनबाईंनी नव्या मशीनवर माळ पुन्हा केली, सर स्वतः शेजारी उभे राहिले आणि त्यांनी कोणालाही मध्ये येऊ दिलं नाही. परीक्षक परत आले. धाकटीनं प्रयोग लावला. पडद्यावरची रेघ थोडा वेळ आडवी सरकली, मग वळली आणि चढत गेली. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "मी चुकलो." एवढंच म्हणाले, पण मोठ्यानं म्हणाले. मशीनबाईंनी डोळे पुसले आणि खोलीत धूळ फार आहे म्हणून माझ्यावरच घसरल्या.

नवऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची की नाही यावर संचालकांनी माझं मत मागितलं. नियमात कुपी फोडण्याला शिक्षा नाही, न सांगता यंत्र वापरण्याला ताकीद आहे. मी ताकीद लिहिली. बाकी जे त्यानं केलं त्याला आमच्या नियमांत कलम नाही.

दोन दिवसांनी दुपारी धाकटी माझ्या केबिनमध्ये आली. मी अभिनंदन केलं, खुर्ची दिली. ती बसली नाही.

"साहेब, संस्थेच्या आवारात राहायला एखादी खोली मिळेल का?"

आमच्याकडे खोल्यांचे दोन प्रकार आहेत, त्यामुळे पुढचा प्रश्न मला विचारावाच लागतो. तो विचारताना मला पहिल्यांदाच जीभ जड वाटली.

"एकटीसाठी की दोघांसाठी?"

ती खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून लोक खाली उतरत होते, त्यात तिचा नवराही होता. तो माझ्या खिडकीकडे बघत थांबला, मग पुढे गेला.

"एकटीसाठी," धाकटी म्हणाली. "सध्या."

मी तिला पूर्वेकडची खोली दिली. तिथं उजेड चांगला येतो.